‘निरोगी शरीरातच निरोगी मन’: तोडलेली ओळ

‘व्यायाम करा, निरोगी शरीरातच निरोगी मन वसतं, असं प्राचीन रोमन सांगून गेले.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. खाली लॅटिन शब्दही असतात: मेन्स साना इन कॉर्पोरे सानो. शब्द खरे आहेत; फक्त ओळीचा सुरुवातीचा तुकडा गळलाय.

कवी जुवेनाल, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याच्या दहाव्या उपहासकवितेतली ही ३५६वी ओळ सुरू होते ती ‘ओरांदुम एस्त उत सित’ अशी, म्हणजे ‘प्रार्थना करावी ती ही, की असावं…’. त्याआधी साडेतीनशे ओळी तो एकच गोष्ट दाखवतो: माणसं देवाकडे सत्ता, वक्तृत्व, दीर्घायुष्य, रूप मागतात आणि मिळालं की त्यानंच गोत्यात येतात. मग म्हणतो, मागायचंच असेल तर धडधाकट शरीर आणि ठिकाणावर असलेलं मन मागा. लगेच पुढे, मृत्यूला न भिणारं काळीजही. एकामुळे दुसरं मिळतं, असं तो म्हणतच नाही. आणि तो ‘च’ तर आपणच चिकटवलेला!

खात्री करायची तर मूळ कविता इंटरनेटवर फुकट वाचता येते. ३५६वी ओळ काढा, पहिला शब्द बघा आणि लॅटिन शब्दकोशात शोधा. व्यायाम मात्र चालू ठेवा. जुवेनालची त्याला काही हरकत नाही.