बालगृह की घर : दरडोई हिशेबाची जुनी कहाणी

बाप वारला, आई मोलमजुरी करते, पदरात दोन मुलं. या मुलांना बालगृहात ठेवायचं, की आईजवळच ठेवून तिच्या खात्यात महिन्याला काही रक्कम टाकायची? महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेची, म्हणजे मूल घरीच सांभाळायला सरकार देतं त्या मदतीची, रक्कम वाढली की हा प्रश्न नव्याने निघतो, पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं रिमांड होम पुढे घरोघरी माहीत झालं, तेही बहुधा पोरांना धाक घालण्यापुरतंच. मुलाला सुरक्षित छपराखाली आणायचं, यावर त्या काळाचा भर होता. अनुदानाची पद्धतही पुढे त्याला साजेशीच रुळली: हजेरीपटावर जितकी मुलं, तितके पैसे. अशा रचनेत मूल घरी परत गेलं की संस्थेचं अनुदान घटतं. त्यासाठी कुणाची नियत खोटी असावी लागत नाही.

खर्चाच्या बदल्यात मुलाचं काय झालं, हे मोजण्याचा नेट अमेरिकेत लावला गेला. मिशिगनमधल्या पेरी बालवाडी प्रकल्पात १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली, एका गटाला बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. सत्ताविसाव्या वर्षापर्यंतच्या हिशेबात एका डॉलरमागे सुमारे सात डॉलर परत आले होते, आणि त्यातला मोठा वाटा गुन्हे कमी घडल्यामुळे वाचलेल्या पैशाचा होता. बालवाडीचा फायदा पोलीस आणि तुरुंगाच्या खर्चात दिसतो, म्हणून एकाच खात्याची वही उघडून तो सापडत नाही. २००० नंतर बुखारेस्टमध्ये अनाथालयातल्या १३६ मुलांपैकी निम्मी पालक कुटुंबांत दिली गेली. लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत, घर मिळालेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जास्त सावरला.

भारतात २००० च्या बाल न्याय कायद्याने दत्तक, प्रतिपालन (काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळ) आणि प्रायोजकत्व (मूल घरी राहावं म्हणून कुटुंबाला पैशांची मदत) यांना जागा दिली. २०१५ च्या कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय ठरवला. पैसा मात्र रखडत आला. बालसंगोपनाची रक्कम कित्येक वर्षे महिना ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला चौदा. कोविडनंतर, २०२१ मध्ये ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५०. घरी जाऊन मुलाची विचारपूस करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला आधी एका मुलामागे महिना ७५ रुपये मिळत. ते १२५ आणि मग २५० झाले. पंचाहत्तर रुपयांत आडवळणाच्या वस्तीवर एक फेरी तरी होते का? या आकड्याची चर्चा कुणी फारशी केली नाही, आणि मला तोच सगळ्यांत बोलका वाटतो.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्वाचे महिना ४००० रुपये आणि संस्थेतल्या मुलाच्या निर्वाहाचे ३००० आहेत. वरवर पाहता संस्था स्वस्त! पण या ३००० मध्ये अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी यांचे पगार येत नाहीत. ते वेगळ्या शीर्षाखाली पडतात. उलट घरच्या रकमेत आईची मेहनत कुठेच धरलेली नसते. तुलना करायची तर आधी दोन्ही बाजूंचा पूर्ण खर्च एका पानावर मांडावा लागेल, आणि शेजारी एक रकाना मुलाचं शिक्षण, वजन-उंची, लग्नाचं वय यांसाठी सोडावा लागेल.