एडीएचडी : पालक-प्रशिक्षण

एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेल्या मुलांच्या पालकांना वर्तन हाताळण्याची ठरावीक तंत्रे सरावाने शिकवणारी उपचारपद्धती. साधारण ८ ते १२ आठवडे, आठवड्याला एक बैठक, गटात किंवा एकेका कुटुंबाबरोबर, आणि मधल्या दिवसांत घरी करायचा सराव, असे तिचे स्वरूप असते. समुपदेशक मुलाशी थोडे आणि पालकांशी जास्त बोलतो.

अडचण मुलाची आणि शिकवणी आपल्याला, हे ऐकून अनेक आयांना आपल्यावर ठपका आल्यासारखे वाटते. तो निराधार आहे. एडीएचडी ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून जुळ्यांच्या अभ्यासांत तिची आनुवंशिकता सुमारे ७० ते ८० टक्के आढळते. लाड केल्याने किंवा आई नोकरीला जाते म्हणून ती होत नाही. मात्र या मुलांना लांबणीवर पडलेल्या बक्षिसाचा किंवा शिक्षेचा फारसा उपयोग होत नाही. जे व्हायचे ते तिथल्या तिथे व्हावे लागते. भावंडाला पुरणारी शिस्त या मुलाला पुरत नाही, म्हणून मोठ्यांना काही जास्तीचे शिकावे लागते.

पद्धतीची मुळे अमेरिकेतील ओरेगन राज्यात आहेत. १९६० च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी आक्रमक मुलांच्या घरी जाऊन रोजच्या कुरबुरींची बारकाईने नोंद केली. आई काम सांगते, मूल ऐकत नाही, आईचा आवाज चढतो, मूल आकांडतांडव करते आणि थकलेली आई ‘जाऊ दे’ म्हणते. आरडाओरडा केला की काम टळते, हे मूल शिकते. दुसऱ्या दिवशी आई धपाटा घालते, मूल तेवढ्यापुरते गप्प बसते, आणि मारल्याशिवाय भागत नाही हे आई शिकते. पॅटरसन यांचे मोठेपण असे, की त्यांनी या फेऱ्यात कोणालाही खलनायक ठरवले नाही. त्याच राज्यातील पोर्टलंडच्या मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी प्रशिक्षणाचे दोन टप्पे पाडले : आधी मुलाच्या खेळात त्याच्या मागून जायचे, सूचना कशा द्यायच्या ते नंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी हा साचा एडीएचडीसाठी वापरला. इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट कार्यक्रम थेट एडीएचडी असलेल्या लहानग्यांसाठी घडवला गेला. त्याच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ वर्षांची ७८ मुले होती.

सुरुवात बहुतेक कार्यक्रमांत खेळापासून होते. रोज १५-२० मिनिटे मुलाजवळ बसायचे, तो जे खेळेल ते पाहायचे, प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचे नाही, चुका काढायच्या नाहीत. पालकांना सर्वांत अवघड हेच जाते. गाडी लाल आहे की निळी, हे विचारल्याशिवाय राहवत नाही!

मग सूचना देण्याची पाळी. ‘अरे, दप्तर असं टाकतात का? किती वेळा सांगायचं तुला?’ या दोन वाक्यांत दोन प्रश्न आहेत, काम एकही नाही. प्रशिक्षणात शिकवतात ते असे : स्वयंपाकघरातून ओरडायचे नाही, जवळ जायचे, टीव्ही बंद करायचा, मुलाने आपल्याकडे पाहिले की एकच काम सांगायचे, ‘दप्तर कपाटात ठेव.’ मग काही क्षण गप्प राहायचे. त्याने दप्तराला हात घातला की लगेच, ‘सांगितल्याबरोबर उचललंस, छान!’ नुसते ‘शहाणा आहेस’ म्हटले तर कौतुक नेमके कशाचे, हे मुलाला कळत नाही. पुढे चांगल्या वागण्याला लगेच मिळणारी, साठवून बक्षीस घ्यायची खूण म्हणून चांदण्यांचा तक्ता किंवा टोकन, किरकोळ खोड्यांकडे काणाडोळा आणि मोजक्या गंभीर वागणुकीसाठी वयाच्या दर वर्षाला सुमारे एक मिनिट ‘टाइम-आउट’, म्हणजे खेळ आणि गप्पांपासून दूर एका जागी शांत बसवणे, येतो. मारणे वर्ज्य.

याने एडीएचडी बरा होत नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. औषधे आणि वर्तनोपचार (पालक-प्रशिक्षण हा त्याचाच भाग) यांची तुलना करणाऱ्या, ५७९ मुलांच्या एमटीए या अभ्यासात (१९९९) मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेली औषधे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली. पुढील विश्लेषणांत असेही दिसले, की उपचार कोणता हे माहीत नसलेल्या निरीक्षकांनी गुण दिले की मूळ लक्षणांतला फरक बराच आटतो. हट्ट, उलट वागणे आणि पालकांची मुलाशी वागण्याची रीत यांतली सुधारणा मात्र टिकून राहते. घरातल्या माणसांना हा लाभ थोडा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ संघटना ६ वर्षांखालील आणि ब्रिटनमधील नाइस ही संस्था ५ वर्षांखालील मुलांसाठी औषधाआधी पालक-प्रशिक्षणच सुचवते. आईला किंवा वडिलांना स्वतःला एडीएचडी असेल तर तक्ते भरणे आणि नियम पाळणे त्यांनाच जड जाते; अशा वेळी आधी त्यांना मदत मिळावी लागते.

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. महाराष्ट्रात मुंबईचे उम्मीद बालविकास केंद्र, ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांसारख्या संस्था मुलांबरोबर त्यांच्या कुटुंबांसोबतही काम करतात. तंत्रे परदेशी असल्याने एकत्र कुटुंबात त्यांना वेगळा आकार द्यावा लागतो. आईने चांदणी राखून ठेवली आणि आजीने परस्पर चॉकलेट दिले, तर तक्त्याला अर्थ उरत नाही. म्हणून बैठकीला एकट्या आईला न बोलावता वडील आणि दिवसभर मुलाला सांभाळणारे आजी-आजोबा यांनाही बोलावणे योग्य. घरातले दोन-तीनच नियम सर्वांसमक्ष ठरवायचे आणि महिनाभर तेवढेच पाळायचे.