हुमणाबरोबर कुठली वाइन?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (फोंडा, गोवा)

"आज घरी शागुती आहे, वाइन कुठली देऊ?" शागुती (भाजलेल्या नारळाच्या मसाल्यातले मटण-कोंबडीचे कालवण) असो की हुमण (नारळाच्या रसातले मासळीचे कालवण), आमच्या काउंटरवर हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. वाइनच्या पुस्तकांत उत्तर सापडत नाही. तिथे भाजलेले मांस असते, चीज असते. नारळाचा रस, तिरफळे आणि सोलां (आमसुले) घातलेले जेवण नसते. म्हणून या फेब्रुवारीत, एका शनिवार-रविवारी, आमचे नेहमीचे काही ग्राहक आणि आम्ही मिळून चौदा जण मार्दोळजवळच्या एका कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) जुन्या घरी जमलो. घर आमच्या एका ग्राहकाचे. बाटल्या आमच्या, स्वयंपाक त्यांच्या आईचा. जे आवडले आणि जे जमले नाही, ते दोन्ही या पत्रकात लिहिले आहे.

बाटलीत ७५० मिली वाइन असते. माणशी ५० मिली ओतली की चौदा जणांना एक बाटली पुरते आणि तळाशी थोडी उरतेही. सगळ्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर फक्त आकडे घातले होते, म्हणजे किंमत आणि नाव पाहून कोणाचे मत बदलायला नको. मधोमध घरातली जुनी पितळी पिकदाणी ठेवली होती. चाखलेला घोट थुंकणे यात कमीपणा काही नाही. सात-आठ वाइन्स नीट ओळखायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही. गाड्या चालवणार होते त्यांनी तर एकही घोट गिळला नाही.

पहिला धडा बर्फाचा

बाटल्या उघडण्याआधीच एक गोष्ट लक्षात आली. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी, असे सगळ्यांनी ऐकलेले असते. ती खोली युरोपातली, थंडीतली, १६ ते १८ अंशांची. आपली खोली फेब्रुवारीतही दुपारी ३० अंशांवर जाते. त्या तापमानाला रेड वाइनमधला अल्कोहोल आधी नाकात चढतो, फळाचा वास मागे राहतो आणि चव जड, चिकट लागते. आम्ही एकच रेड दोन ग्लासांत दिली, एक तशीच आणि एक थंड करून. चौदापैकी अकरा जणांना त्या दोन वेगळ्या वाइन्स वाटल्या.

घरी करायला सोपे आहे. बादलीत बर्फ, तेवढेच पाणी आणि मूठभर मीठ घाला. नुसत्या बर्फापेक्षा हे कितीतरी लवकर काम करते, कारण पाणी बाटलीला सगळीकडून टेकते. रेडला दहा-पंधरा मिनिटे, व्हाइटला अर्धा तास, फेसाळ वाइनला त्याहून थोडे जास्त. व्हाइट ८ ते १० अंशांवर चांगली लागते, फेसाळ ६ ते ८ अंशांवर. थर्मामीटर नसला तरी चालेल: बाटलीवर दव धरले आणि हाताला गार लागली की व्हाइट तयार.

शनिवारची संध्याकाळ

सुरुवात शाँदाँ ब्रूत या फेसाळ वाइनने केली. ही नाशिकजवळच्या दिंडोरीची, २०१३ साली बाजारात आली. शनँ ब्लाँ, शार्दोने आणि पिनो न्वार या द्राक्षांची वाइन आधी तयार होते; मग बाटलीतच साखर आणि यीस्ट घालून ती दुसऱ्यांदा आंबवतात आणि त्यातून बुडबुडे येतात. फ्रान्समधल्या शँपेनची रीत हीच. ताटात काटेकणगांच्या (एक कंद) कुरकुरीत फोडी होत्या. तेलकट, खारट फोडीचा घास आणि त्यावर हा गार, आंबटसर घोट. तेल जिभेवरून पुसल्यासारखे होते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आमच्यापैकी दोघी शिवराक (शाकाहारी) आहेत. मासळीच्या घरात वाइनच्या गप्पा निघाल्या की आपल्याला कोणी विचारत नाही, असे त्या म्हणाल्या. या फोडी आणि नंतरचे खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण) त्यांच्यासाठीच होते, आणि संध्याकाळच्या सर्वात जमलेल्या जोड्यांपैकी एक त्यांच्याच ताटात निघाली.

बाटली उघडताना एक सांभाळा. आत मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त दाब असतो. तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढू नका, बाटली तिरकी धरा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. आवाज 'फट्' असा नको, हलका उसासा यायला हवा.

दुसरी बाटली सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची सोव्हिन्यॉ ब्लाँ. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात सुलाने १९९७ साली ही द्राक्षे लावली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. आजच्या भारतीय व्हाइट वाइनची गोष्ट बरीचशी तिथून सुरू होते. वास हिरव्या मिरचीचा, ताज्या कापलेल्या गवताचा. खतखत्यातल्या तिरफळांशी ती छान बोलली. तिरफळाचा जिभेला झिणझिण्या आणणारा, लिंबाच्या सालीसारखा वास आणि या वाइनचा हिरवा वास एकाच घरातले वाटले.

मग विस्वणाच्या (सुरमईच्या) रवा लावून तळलेल्या तुकड्या आल्या, आणि त्यांच्यासोबत पोर्तुगालची व्हिन्यु व्हेर्द. नावाचा अर्थ 'हिरवी वाइन', पण रंग हिरवा नसतो. कोवळी, लवकर प्यायची, असा त्याचा अर्थ. पोर्तुगालच्या वायव्येला मिन्यु भागात ती होते. तिथे पाऊस भरपूर, त्यामुळे द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. अल्कोहोल साधारण ११ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, जिभेवर किंचित सुरसुर. एवढ्या हलक्या वाइनला चौदा जणांत सर्वाधिक मते पडतील असे आम्हाला वाटले नव्हते, पण पडली. मासळीवर लिंबू पिळल्यावर जे होते तेच ती करते. तळलेल्या मासळीसाठी आम्ही आता दुसरे काही सुचवत नाही.

तिखट आणि मासळीपुढे काय हरते

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण ग्राहकांचे पैसे इथेच वाया जातात. बांगड्याच्या उडदामेथीबरोबर आम्ही मुद्दाम एक भारदस्त, ओकच्या पिंपात मुरवलेली रेड ठेवली होती. महाग बाटली, चांगली बाटली. पहिल्या घोटालाच टेबल गप्प झाले. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आणि बांगड्याचा वास दुप्पट. दोष वाइनचा नव्हता आणि बांगड्याचाही नव्हता. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर मासळीतल्या तेलाशी त्याची क्रिया होऊन हा वास तयार होतो. रेड वाइन्समध्ये लोह अनेकदा जास्त असते. बांगडा, तारली अशा तेलाच्या मासळीला म्हणून रेड देऊ नका, द्यायचीच असेल तर अगदी हलकी द्या.

तिखटाचे गणित वेगळे. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलचा जाळ जिभेला एकाच वाटेने जाणवतात, त्यामुळे १४ टक्क्यांची वाइन तिखट कालवणाला आणखी तिखट करते. त्यात टॅनिन, म्हणजे कात किंवा कच्च्या केळ्यासारखा तुरटपणा, असेल तर तोंड आणखी कोरडे पडते. तिखटाला शांत करते थोडी गोडी. सुलाची शनँ ब्लाँ किंचित गोडसर असते म्हणून काही जाणकार तिला नाक मुरडतात. ती सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाबरोबर घेऊन पाहा. नारळाच्या रसाची गोडी, सोलांचा आंबटपणा आणि वाइनमधली ती गोडी एकमेकांना धरून राहतात, मिरची मागे सरते. शनँ मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. पण आमच्या मते तिला आपल्या नारळाइतका चांगला जोडीदार तिथेही मिळाला नसेल.

विंदालूचा विषय निघाल्याशिवाय राहिला नाही. हे नाव पोर्तुगीजांच्या वाइन-लसणीच्या मुरवणावरून आले. गोव्यात वाइनच्या जागी माडाचा विनागर (व्हिनेगर) आला. ज्या पदार्थात विनागर आहे त्याच्याशी मऊ, गोल वाइन फिकी पडते. तिथे वाइन कालवणाइतकीच आंबट हवी, म्हणजे पुन्हा व्हिन्यु व्हेर्द किंवा ब्रूत.

रविवारची दुपार, रेडचा दिवस

मटण आणि कोंबडीची शागुती. इथे रेडने कालची भरपाई केली. भाजलेला नारळ, खसखस, धणे, बडीशेप यांचा वास पिंपात मुरलेल्या वाइनच्या वासाशी जुळतो. आम्ही दोन बाटल्या ठेवल्या. एक फ्रातेल्लीची सांजोव्हेझे, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. इटलीतल्या तोस्काना प्रांताचे हे द्राक्ष आंबट चेरीच्या चवीचे आणि बेताचे तुरट. कोंबडीच्या शागुतीला तीच बरी पडली, कारण मसाल्याला दाबत नाही. दुसरी ग्रोव्हरची ला रेझर्व्ह. बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याची, काबर्ने सोव्हिन्यॉ आणि शिराझ या द्राक्षांची. मटणाची चरबी आली की तिचे टॅनिन मऊ होते, म्हणून ती मटणाबरोबरच घ्या. दोन्ही १६-१७ अंशांवर, आधी अर्धा तास उघडून ठेवलेल्या.

एकाने विचारले, बाटलीवरचे वर्ष कसे वाचायचे? युरोपात द्राक्षे साधारण सप्टेंबरात खुडतात. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षात दोनदा छाटणी करतो. एप्रिलची खरड छाटणी फक्त काड्या तयार होण्यासाठी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. पाऊस दोन्हींच्या मध्ये निघून जातो आणि जानेवारी ते मार्च खुडणी होते. म्हणून आपल्या साध्या व्हाइट वाइन्स चालू किंवा मागच्या वर्षाच्याच घ्या. जुनी म्हणजे चांगली हा नियम त्यांना लागू नाही. दोन-तीन वर्षांत त्यांची टवटवी जाते. दुकानात आम्ही जुन्या वर्षाच्या व्हाइट ठेवत नाही. कधी सापडली तर सांगा, बदलून देऊ.

शेवटची बाटली

एका ग्राहकाच्या मुलाने लिस्बनहून मदेराची बाटली आणली होती, बुआल द्राक्षाची, दहा वर्षे मुरवलेली. मदेरा हे अटलांटिकातले पोर्तुगीजांचे बेट. तिथली पिंपे जहाजांतून विषुववृत्त ओलांडून भारताकडे जात. काही न विकता परत गेली, तेव्हा लोकांच्या लक्षात आले की उकाड्यातून फिरून आलेली वाइन बिघडण्याऐवजी अधिक चवदार झाली आहे. अशा वाइनला 'व्हिन्यु दा रोदा', फेरी मारून आलेली वाइन, म्हणत. आज जहाजाऐवजी पिंपे गरम माळ्यावर वर्षानुवर्षे ठेवतात, किंवा टाकीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. आपल्या हवेला न घाबरणारी ही एकच वाइन. उघडल्यावरही महिनोन्महिने टिकते. माडाच्या गुळाच्या धोदोल या मिठाईबरोबर ती दिली, आणि घरच्या आजींनी, ज्यांनी दोन दिवसांत काहीच चाखले नव्हते, एक चमचा मागून घेतला. "गुळाच्या काकवीसारखी," त्या म्हणाल्या. याहून नेमके वर्णन आमच्यापैकी कोणालाही जमले नाही.

गोव्याच्या पोर्टबद्दल दोन शब्द. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. त्या भागाची सीमा १७५६ सालीच आखली गेली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू घालतात, आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के होते. नाताळला, लग्नातल्या 'तोस्त'ला (शुभेच्छांच्या प्याल्याला) आपण 'पोर्ट' म्हणून घेतो ती गोड रेड वाइन गोव्यात तयार होते, पण द्राक्षे बहुधा घाटावरून येतात. चव आणि टक्के दोन्ही वेगळे. ती आवडत असेल तर जरूर घ्या, आम्हीही घेतो. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला 'शक्तीसाठी' मात्र आम्ही ती देत नाही. वाइन हे औषध नाही.

घरी नेल्यावर

मे महिन्यात बाटली गाडीत ठेवून बाजारहाट करू नका. आमच्याकडूनच एकदा एक खोके दुपारभर गाडीत राहिले होते. बुचे वर सरकली आणि वाइनला उकडलेल्या फळाची चव आली. सगळे खोके टाकून द्यावे लागले. तेव्हापासून घरपोच बाटल्या आम्ही सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळीच पाठवतो.

घरी वाइनसाठी वेगळे कपाट नसेल तर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, रेडसुद्धा. स्वयंपाकघराच्या माळ्यावर नको. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. पावसाळ्यात लेबलला बुरशी येते, त्याने वाइनचे काही बिघडत नाही. पण उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर तो बुचाचा दोष. पिऊ नका, ओतूनही टाकू नका. बूच लावून दुकानात आणा, आम्ही दुसरी देऊ. उघडलेली साधी वाइन फ्रिजमध्ये तीन दिवस ठीक राहते, फेसाळ एक-दोन दिवस, तीही घट्ट झाकणाने.

विक्री फक्त २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना. इथे लिहिलेल्या वाइन्सपैकी मदेरा सोडून बाकी सगळ्या दुकानात आहेत. शनिवारी सकाळी आलात तर बाजारातून काय मासळी घेतली ते आधी सांगा, बाटली त्यावरून काढू.