हत्तूशा

हत्तूशा : कांस्ययुगातील हिटाइट राज्याची राजधानी. तुर्कस्तानच्या चोरुम प्रांतात, अंकाराच्या पूर्वेला, बोआझकाले या लहानशा गावालगत तिचे अवशेष आहेत. गावाचे जुने नाव बोआझक्योय. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते ‘बोगाझकोई’ असे येते आणि बहुधा एकाच वाक्यापुरते येते : तिथल्या लेखात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (अश्विनीकुमार) ही वैदिक देवांची नावे सापडली. वाक्य खरे आहे. पण त्यापायी सुमारे ३०,००० मातीच्या पाट्या आणि तुकड्यांचे एक अख्खे दप्तर चार नावांत गुंडाळले जाते.

हे अवशेष शार्ल तेक्सिए या फ्रेंच प्रवाशाने १८३४ मध्ये पाहिले, पण शहर कोणते ते त्याला उमगले नाही. ह्यूगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी १९०६ मध्ये खोदकाम सुरू केले, तेव्हा पहिल्याच हंगामात मातीची एक पाटी हाती लागली. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हिटाइट राजा तिसरा हत्तूसिली यांच्यातील तहाचा (सु. इ. स. पू. १२५९) तो अक्कडियन, म्हणजे त्या काळच्या राजनैतिक भाषेतला, मसुदा होता. याच तहाचा इजिप्शियन पाठ कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेला विद्वानांना आधीपासून ठाऊक होता. राजधानीचा पत्ता असा लागला.

बऱ्याच पाट्या मात्र क्यूनिफॉर्म (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीतील एका अनोळखी भाषेत होत्या; अक्षरे वाचता येत, अर्थ लागत नसे. बेद्रिच ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने १९१५ मध्ये ती कोंडी फोडली ती एका ओळीवरून : ‘नु निन्डा-अन एत्सातेनि, वातर-म एकुतेनि’. ‘निन्डा’ हे भाकरीसाठीचे सुमेरियन चिन्ह. भाकरीशेजारी खाण्याचे क्रियापद असणार, आणि ते संस्कृत ‘अद्’ धातूच्या गोत्रातले दिसत होते; ‘वातर’ म्हणजे पाणी, आपल्या ‘उदका’चे दूरचे भावंड. ओळीचा अर्थ निघाला : भाकर खाल, पाणी प्याल. आजवर लिखित रूपात सापडलेली ही सर्वांत जुनी इंडो-युरोपीय भाषा. तिचे बोलणारे तिला ‘नेसाची भाषा’ म्हणत. ‘हिटाइट’ हे नाव बायबलवरून आपण दिलेले.

शहर मुळात हिटाइटांचे नव्हते. आधी तिथे हत्ती लोक राहत. (या नावाचा आपल्या हत्तीशी काही संबंध नाही.) त्यांची भाषा अगदीच वेगळ्या कुळातली. कुस्साराचा राजा अनित्ता याने इ. स. पू. अठराव्या शतकात हे शहर जिंकून उद्ध्वस्त केले, जमिनीत तण पेरले आणि जो कोणी ते पुन्हा वसवील त्याला वादळदेवाचा शाप दिला. शे-सव्वाशे वर्षांत पहिल्या हत्तूसिलीने नेमकी तीच जागा राजधानीसाठी निवडली. शिवाय शापाचा मजकूर दप्तरात नकलून जपूनही ठेवला गेला.

पुढे तटबंदी सहा किलोमीटरांहून लांब झाली. सिंहद्वार आजही उभे आहे, आणि दक्षिण टोकाच्या येरकापी तटाखालून जाणाऱ्या ७१ मीटरांच्या दगडी भुयारातून पर्यटक अजून चालत जातात. तरी उत्तरेच्या डोंगरांतील कास्का टोळ्यांनी शहराला स्वस्थता लाभू दिली नाही. सगळ्या टोळ्यांचा असा एक राजा नव्हता. एका टोळीशी करार केला तरी दुसरी मोकळीच. एकदा त्यांच्या धाडींत राजधानीच जळाली. कादेशच्या लढाईत (इ. स. पू. १२७४) रामसेसशी झुंजलेल्या दुसऱ्या मुवाताल्लीने तर दरबार दक्षिणेला तारहुंतास्सा येथे हलवला होता.

दक्षिणेकडचे हुरियन लोक आणि त्यांचे मितान्नी राज्य हे शेजारी असे लुटारू नव्हते. त्यांच्याकडून हिटाइटांनी बरेच काही उचलले. शहराबाहेरील याझिलिकाया येथे खडकावर देवदेवतांची मिरवणूक कोरली आहे. तीत मधोमध भेटणारे जोडपे म्हणजे तेशुब आणि हेबात हे हुरियन देव. वैदिक नावांचा लेखही याच संबंधांतून आला. तो शिलालेख नव्हे, मातीवरचा तहनामा आहे : हिटाइट राजा पहिला सुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा शत्तिवाझा यांच्यातला, इ. स. पू. चौदाव्या शतकातला. शेवटी साक्षीला बोलावलेल्या दोन्ही बाजूंच्या देवांची लांबलचक यादी आहे आणि तिच्या मितान्नी भागात ही चार नावे येतात.

माझ्या मते त्याहून बोलका पुरावा किक्कुलीचा. रथाच्या घोड्यांना कसे तयार करावे, दाणा किती, पाणी केव्हा, दौड किती, हे सांगणारा त्याचा पाठ दप्तरात आहे. ‘मितान्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली असे सांगतो’ अशी त्याची सुरुवात. रिंगणातील फेऱ्यांना तो ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नावर्तन्न म्हणतो. एक, तीन, पाच, सात, नऊ : मराठी वाचकाला भाषांतर लागू नये.

दप्तरात घरचीही प्रकरणे आहेत. सुप्पिलुलिउमाने सिरियाच्या बाजूच्या कार्केमिश शहराला वेढा घातला असताना इजिप्तच्या विधवा राणीचे, बहुधा तुतनखामनच्या, पत्र आले : नवरा वारला, मुलगा नाही; आपणांस पुष्कळ मुलगे आहेत असे ऐकते, एक द्या, त्याला नवरा करीन. जन्मात असले काही घडले नाही, असे म्हणत राजाने आधी चौकशीला माणूस धाडला. अखेर मुलगा पाठवला, तो मारला गेला. सूड म्हणून केलेल्या स्वारीत इजिप्शियन कैदी आले, त्यांच्याबरोबर साथ आली आणि ती वीस वर्षे हटली नाही, असे सुप्पिलुलिउमाचा मुलगा दुसरा मुरसिली देवांपुढे गाऱ्हाणे घालतो.

कायद्याची सुमारे २०० कलमे आहेत. त्यांत ‘पूर्वी’ आणि ‘आता’ अशी दुरुस्ती जागोजागी दिसते. पूर्वी कोणाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर एक मिना (४० शेकेल वजनाची) चांदी, आता २० शेकेल. पूर्वी मधमाश्यांची पोळी चोरणाऱ्याला त्या माश्यांकडूनच डसवून घेत, आता सहा शेकेलवर भागते.

इ. स. पू. १२०० च्या सुमारास राज्य कोसळले. झाडांच्या वलयांवरून इ. स. पू. ११९८ ते ११९६ अशी सलग तीन वर्षे कडक दुष्काळाची दिसतात. त्याच सुमारास पूर्व भूमध्यसागरभर उलथापालथ चालू होती. शहर आगीत जळाले, पण त्याआधीच ते बरेचसे रिकामे केलेले असावे. मौल्यवान वस्तू गेल्या, पाट्या मागे राहिल्या. सिरियाच्या बाजूची छोटी हिटाइट राज्ये तगली. त्यांतले कार्केमिश अ‍ॅसिरियाने इ. स. पू. ७१७ मध्ये घेतले.

युनेस्कोने हत्तूशाचा १९८६ मध्ये जागतिक वारशात समावेश केला. उत्खनन चालूच आहे. २०२३ मध्ये निघालेल्या एका पाटीवर हिटाइट भाषेतील विधीमध्येच आजवर कुठेच न भेटलेल्या भाषेतला मजकूर आहे. लेखनिकाने तिचे नाव देऊन ठेवले होते : कलाश्म देशाची भाषा.