पंपाच्या शाफ्ट-सीलमधील शक्तिव्यय

फिरता शाफ्ट पंपाच्या केसिंगमधून बाहेर येतो, तिथे द्रव गळू नये आणि हवा आत शिरू नये म्हणून ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या वेणीदार रिंगा, बोलीत ‘दोरी’) किंवा मेकॅनिकल सील (एकमेकांवर घासणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या, म्हणजे ‘फेस’) बसवतात. या ठिकाणी घर्षणात आणि फ्लशिंगच्या (सील धुण्यासाठी आणि थंड ठेवण्यासाठी दिलेल्या) पाण्यापायी खर्च होणारी ऊर्जा म्हणजे सीलमधील शक्तिव्यय. मराठवाड्यात विहिरीवरचे मोनोब्लॉक, गोदावरीवरील उपसा योजना आणि साखर कारखाने या सर्वांनाच तो लागू आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी खर्चाचा मुख्य भाग वेगळा असतो.

घर्षणातील शक्ती म्हणजे घर्षण गुणांक, दाब, स्पर्शक्षेत्र आणि पृष्ठवेग यांचा गुणाकार. ५० मिमी व्यासाच्या स्लीव्हवर (शाफ्टवर चढवलेल्या नळीवर) १० मिमी दोरीच्या ४ रिंगा, सरासरी दाब ०.३ मेगापास्कल, गुणांक ०.१ आणि मिनिटाला १४५० फेरे धरले तर सुमारे ७०० वॅट जातात. १५ किलोवॅटच्या मोटारीचे हे जवळपास ५ टक्के झाले. त्याच शाफ्टवर ६० मिमी सरासरी व्यासाचा, ४ मिमी रुंद फेसचा मेकॅनिकल सील तेवढ्याच दाबाला आणि ०.०७ गुणांकाला ७० वॅटच्या आसपास घेतो. रिंगांची संख्या तीच ठेवून स्लीव्हचा व्यास दुप्पट केला तर व्यय चौपट होतो.

दोरी थेंब थेंब गळलीच पाहिजे; तेच तिचे वंगण आणि तीच तिची थंडाई. मिनिटाला ६० थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात पाणी वाचवायचे म्हणून ग्लँड (दोरी दाबून धरणारा भाग) पूर्ण आवळतात, तेव्हा दोरी जळते, स्लीव्हला खाचा पडतात आणि टाँग टेस्टरवर (तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या चिमट्यावर) करंट चढलेला दिसतो. नव्या रिंगा तिरप्या कापून सांधे ९० अंशांनी फिरवून बसवाव्यात. लँटर्न रिंग (दोरीच्या रिंगांमध्ये पाणी पसरवणारी छिद्रांची कडी) फ्लशिंगच्या छिद्रासमोरच आली पाहिजे, नाहीतर पाणी दोरीपर्यंत पोचतच नाही. पंप चालू असताना दोन्ही नट सारखेच, एका वेळी षष्ठांश फेरा आवळून १०-१५ मिनिटे थांबावे. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पंपात सैल ग्लँडमधून हवा शिरते. मग पाणी कमी पडते आणि दोष फूट व्हॉल्व्हला (ओढपाइपच्या तळाच्या झडपेला) दिला जातो.

साखर कारखान्यात मात्र घर्षणाची चर्चा गौण ठरते. रसाच्या पंपाच्या ग्लँडला दिलेल्या पाण्यातले मिनिटाला १ लिटर आत शिरले, तर ते पुढे उकळून काढावे लागते. लिटरमागे साधारण २२५७ किलोज्यूल धरले तर हा भार ३७ किलोवॅटच्या वर जातो. तीच उष्णता चारदा वापरणाऱ्या चार टप्प्यांच्या बाष्पकातही ९ ते १० किलोवॅट इतकी वाफ लागतेच. घर्षणाच्या ७०० वॅटच्या तुलनेत ही रक्कम कितीतरी मोठी, पण वीजबिलात दिसत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. अशा पंपावर आधी थ्रॉटल बुश (शाफ्टभोवती अरुंद फट ठेवणारी बुश) बसवून फ्लशिंगचे पाणी नीडल व्हॉल्व्हने बांधून द्यावे. मेकॅनिकल सीलचा हिशोब त्यानंतर.

मेकॅनिकल सीलला कोरडे चालणे सोसत नाही. विहिरीचा तळ लागला की फेस तापून तडकतात. बेसाल्टातल्या जड पाण्याचे क्षार सरकत्या ओ-रिंगखाली साचले की सील अडकतो आणि फेस उघडे राहतात. गढूळ द्रवासाठी एक्स्पेलरचा (शाफ्टवर फिरून द्रव सीलपासून मागे लोटणाऱ्या पंख्याचा) पर्याय आहे; त्याला फ्लशिंगचे पाणी फारसे लागत नाही, पण त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २९०० फेऱ्यांवर तो १४५० च्या आठपट वीज घेतो.