मध्यम उत्पन्न आणि मध्यमवर्ग, दोन्ही एकच नव्हेत

मध्यमवर्ग आकसतोय असं कुणी म्हटलं की लगेच वाद सुरू होतो, एकाला ते पटतं कारण महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही, दुसऱ्याला अजिबात पटत नाही कारण मॉल तर भरलेले दिसतात. खरं तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

मध्यम उत्पन्न हा नुसता हिशोब आहे. ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेच्या व्याख्येत देशाच्या मीडियन उत्पन्नाच्या 75 ते 200 टक्के कमावणारी घरं यात येतात (घरात माणसं किती तेही धरतात). मीडियन म्हणजे सरासरी नाही हं, सगळ्यांची कमाई चढत्या क्रमाने लावली की बरोबर मधोमध येते ती. समजा पाच घरं आहेत, कमाई 20, 40, 50, 60 आणि 300 हजार. सरासरी येते 94, पण मीडियन 50, म्हणजे साडेसदतीस ते शंभर हजारांमधली तीन घरं मध्यम. आता उद्या मंदी आली आणि पाचही घरांची कमाई निम्मी झाली तरी मध्यम घरं तीनच! सगळ्यांचे हाल झाले, टक्केवारी मात्र जागची हलली नाही, आणि मला हीच या व्याख्येची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

मध्यमवर्ग म्हणताना आपल्या मनात असतं ते स्थैर्य. नोकरी गेली तर घर किती महिने तग धरेल, आजारपण आलं तर कर्ज काढावं लागेल का, मुलांचं शिक्षण निभेल का. 50 हजारवाली दोन घरं घ्या, एकाचं घर स्वतःचं नि थोडी शिल्लक, दुसऱ्याला भाडं, दोन ईएमआय आणि आईवडिलांचं औषधपाणी. कागदावर दोघं शेजारी शेजारी, पण दुसरं घर एका आजारपणात कोसळू शकतं.

म्हणून नुसत्या टक्क्यांवरून लगेच निष्कर्ष काढू नका. ओईसीडी देशांत मध्यम उत्पन्नवाले 1980च्या दशकाच्या मध्याला 64 टक्के होते ते तीसेक वर्षांत 61 झाले, घट किरकोळच वाटते, पण त्या काळात घरांच्या किमती मध्यम कमाईपेक्षा बऱ्याच वेगाने वाढल्या. अमेरिकेत प्यू रिसर्च या संशोधन संस्थेची व्याख्या जरा वेगळी, मीडियनच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत. तिथे 1971 ते 2021 मध्ये मधला गट 61 वरून 50 टक्क्यांवर आला, वरचा 14 वरून 21 झाला आणि खालचा 25 वरून 29. म्हणजे खालच्यापेक्षा वरचा गट जास्त फुगला, पण वर गेलेल्यांच्या डोक्यावर कर्ज किती आणि गाठीला शिल्लक किती, हे या आकड्यांत कुठेच येत नाही.