चीक, गळथूथी आणि बाळाच्या पोटातली वस्ती

बडोद्याच्या मराठी घरात बाळ जन्मलं की दोन शब्द एकदमच कानावर पडतात. आपली आजी 'बाळकडू'ची तयारी करत असते आणि शेजारच्या बा विचारतात, "गळथूथी कोण देणार?" गुळाच्या पाण्याचा तो पहिला थेंब ज्याच्या हातून पोटात जातो, त्याचे गुण बाळात उतरतात अशी गुजराती घरांची श्रद्धा. आपल्याकडेही एखादी गोष्ट अगदी लहानपणापासून अंगात मुरलेली असली, की 'तिचं बाळकडूच मिळालंय' असं म्हणतो. दोन्ही भाषांना एक गोष्ट मनोमन ठाऊक होती: आयुष्याच्या सुरुवातीला पोटात काय जातं, त्याला महत्त्व आहे.

आमच्या दांडिया बाजारच्या घरात यंदा भाचीला मुलगी झाली, सिझेरियन होऊन. डॉक्टरांनी बजावलं, आईच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, घुटीसुद्धा नाही. माझ्या आईने सहाण, वेखंड, मुरडशेंग, जायफळ सगळं काढून ठेवलं होतं. ती दुखावली. "चार पोरांना मी उगाळून दिलंय, काय वाईट झालं?" तिला नुसतं 'डॉक्टर म्हणतात म्हणून' असं सांगणं मला पटेना. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यामागे जवळजवळ १४० वर्षांचा शोध उभा आहे.

१८८०चं दशक म्हणजे जिवाणू आणि रोग हे समीकरण पक्कं होण्याचा काळ. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८४ साली कोलकात्यात पटकीच्या जंतूचा माग काढला. सयाजीराव महाराजांनी बडोद्याला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून आजव्याचं सरोवर बांधायला घेतलं तेही याच दशकात. अशा दिवसांत म्युनिकमधला थिओडोर एशरिख हा तरुण बालवैद्य एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागला. तो निरोगी तान्ह्या मुलांची शी तपासत होता. जन्मानंतरची ती पहिली, काळी, डांबरासारखी चिकट शी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सुरुवातीला तिच्यात जिवाणू सापडत नव्हते. काही तासांनंतरच्या नमुन्यांत मात्र ते हजर असत. म्हणजे बाळ येतं आणि पाठोपाठ बिऱ्हाडं येतात. १८८५ साली त्याने या वस्तीतल्या एका जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज ज्याला आपण 'ई. कोलाय' म्हणतो तो हाच, आणि त्यातला 'ई' हा एशरिखच्या नावाचा. पाण्याच्या तपासणीच्या अहवालात हे नाव भीतीनेच वाचलं जातं, पण तो जिवाणू पहिल्यांदा सापडला निरोगी बाळांच्या पोटात. आईचं दूध पिणाऱ्या आणि वरचं दूध पिणाऱ्या मुलांच्या पोटातली वस्ती सारखी नसते, याकडेही एशरिखचं लक्ष गेलं होतं. पुढे तो स्तनपानाचा मोठा पुरस्कर्ता झाला.

त्याच्या हातून एक रहिवासी मात्र निसटला. हवा लागली की मरणारे जिवाणू तेव्हाच्या साध्या पद्धतीने वाढवताच येत नव्हते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिए यांनी प्राणवायूवाचून जिवाणू वाढवायची पद्धत वापरली, आणि १८९९-१९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या मुलांच्या शीत त्यांना टोकाला फाटा फुटलेल्या काटकीसारखा एक जिवाणू भरपूर प्रमाणात दिसला. त्याचं नाव पडलं बिफिडस. जुलाब होणाऱ्या मुलांच्या पोटात तो कमी आढळतो हे पाहून त्यांनी १९०६ साली असं सुचवलं, की अशा मुलांना हा जिवाणूच बाहेरून द्यावा. प्रोबायोटिक हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच एली मेचनिकॉफ दह्याचे गोडवे गात होते, पण त्यांची चिंता होती म्हातारपणाची. दह्यातले जिवाणू पोटात फारसे ठाण मांडत नाहीत, हे नंतर कळत गेलं. मग प्रतिजैविकं आली, डब्यातलं दूध आलं, आणि पोटातल्या वस्तीचा विषय बराच काळ मागे पडला.

पुढचा धागा सापडला तो आईच्याच दुधात. पॉल ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली दाखवलं, की मानवी दुधात बिफिडसला वाढवणारं काहीतरी आहे आणि गाईच्या दुधात ते नावापुरतंच आहे. ते 'काहीतरी' म्हणजे एक खास प्रकारची शर्करा, ऑलिगोसॅकराइड. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल आईच्या दुधात हाच घन पदार्थ सर्वांत जास्त. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि बाळाला त्यातला जवळजवळ एकही पचत नाही! आईचं शरीर शक्ती खर्चून हे बनवतं ते मुख्यतः बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांसाठी. ते पाहुणे त्यावर जगतात, आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट वातावरणात उपद्रवी जंतूंना पाय रोवता येत नाही. २००८ साली बिफिडसच्या कुळातल्या 'इन्फँटिस' नावाच्या जिवाणूचा जनुकसंच उलगडला, तेव्हा ही शर्करा आत ओढून तोडण्याची अवजारं त्याच्याजवळ जय्यत तयार असल्याचं दिसलं.

या शर्करेचं प्रमाण पहिल्या दिवसांच्या पिवळसर, दाट दुधात सर्वांत जास्त असतं: लिटरला २० ग्रॅमहून अधिक. हा आईचा चीक. कितीतरी घरांत तो 'जड' म्हणून पिळून टाकून देत, आणि त्या दोन-तीन दिवसांत गुळाचं पाणी नाहीतर मध चाटवत. गाईच्या चिकाचा खरवस आपण हौसेने वाटून खातो आणि आईचा चीक मात्र फेकायचा, हे मला अजूनही सोसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतसुद्धा जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचं प्रमाण देशभरात ४१.८ टक्केच भरलं.

मधाची गोष्ट तर आणखी गंभीर. १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या मुलांमधला बोट्युलिझम हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. तो घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची निद्रिस्त बीजं, मधात असू शकतात. मोठ्यांच्या पोटात गजबजलेली वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाच्या पोटात अजून रिकामी जागा असते. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. म्हणून वर्षभर मध नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प होऊन ऐकत राहिली.

सिझेरियनबद्दल भाचीच्या मनात अपराधीपणा होता. तिच्यासाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यास महत्त्वाचा. ५९६ बाळांच्या शीचे नमुने तपासले, तेव्हा सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत आईच्या आतड्यातून येणारे काही जिवाणू कमी आणि रुग्णालयाच्या परिसरात आढळणारे जास्त दिसले. मात्र सहा-नऊ महिन्यांपर्यंत हा फरक बराचसा ओसरला होता. आपल्या देशात सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीतल्या १७.२ टक्क्यांवरून पुढच्या फेरीत २१.५ वर गेलं आहे. कित्येकदा ते जीव वाचवतं. त्यासाठी आईने स्वतःला बोल लावायचं कारण नाही.

उष्टावणानंतर वस्ती पुन्हा पालटते. वरण-भात, नाचणी, केळं, भाज्या येऊ लागल्या की तंतुमय पदार्थ पचवणारे जिवाणू वाढतात. अमेरिका, मलावी आणि व्हेनेझुएला इथल्या ५३१ लोकांच्या २०१२ सालच्या अभ्यासात ही वस्ती मोठ्यांसारखी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात असं दिसलं. कुपोषित मुलांत ती वयाच्या मानाने मागे राहते, हे ढाक्यातल्या मुलांवरच्या कामातून २०१४ साली पुढे आलं. तिथेच पुढे हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी यांचं मिश्रण करून पाहिलं, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही त्या मिश्रणाने मुलांचं वजन अधिक चांगलं वाढलं.

तिसिएंच्या १९०६ च्या सूचनेला सर्वांत ठळक उत्तर मिळालं ते ओडिशाच्या खेड्यांत. तिथे ४,५५६ नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा सात दिवस दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. ही सगळी मुलं अंगावर पिणारी होती, हे विसरून चालणार नाही. जिवाणूचा वाणही विशिष्ट होता; औषधाच्या दुकानातली कुठलीही बाटली त्याची जागा घेत नाही.

आईने सहाण पुन्हा माळ्यावर ठेवली. सहा महिने पुरे होतील तेव्हा उष्टावण करू, पहिला मऊ भात मामाने भरवायचा आणि दुसरा घास तिने, असं ठरलं आहे. शेजारच्या बांनाही तिने त्या दिवसाचं आमंत्रण आत्ताच देऊन ठेवलं.